एकाच कुशीचे दुखणे : बालकांच्या फुप्फुसातील जन्मजात दोष व शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला आरोग्यावर काहीतरी बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मागे आहारावर बोलणे झाले होते, त्याआधी दातांवर झाले होते. म्हणून त्या म्हणाल्या, यंदा काही निराळे सांगा. निराळेच सांगावयाचे तर माझ्या नोकरीतलेच सांगावे, असे मी ठरविले. माझी सारी नोकरी नागपुरास, लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. मी डॉक्टर नाही. शस्त्र माझ्या हाती कधी नव्हते. परंतु शस्त्रक्रिया झाल्यावर मूल ज्या खाटेवर येते, त्या खाटेच्या उशाशी मी पुष्कळ वर्षे उभी राहिले आहे. तेथून जे दिसले आणि जे थोरामोठ्यांकडून शिकले, ते आज सांगते.

विषय असा आहे : काही मुलांच्या फुप्फुसाचा एखादा भाग आईच्या पोटातच नीट घडत नाही. ओठ दुभंगलेला असला, पाऊल वाकडे असले, तर सुईणीलाही दिसते. फुप्फुसाचे व्यंग बरगड्यांच्या आड असते. मूल गोरेगोमटे, हातपाय धड, आणि तरी आत काहीतरी बिघडलेले. ते ओळखू येईपर्यंत कधी दिवस जातात, कधी वर्षे जातात.

छातीच्या दुखण्याची आपल्या जिल्ह्याला नव्याने ओळख करून द्यावयास नको. कोणी त्याला डबा म्हणते, कोणी लहक म्हणते. मूल धापा टाकते, छाती आत ओढली जाते, दूध पिईनासे होते. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. पुढे त्यांनी खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखावयास व गावातच औषध द्यावयास शिकविले. त्याचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आरोग्यसेवकांनी हाताळलेल्या ६१२ दुखण्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती तेथे ते शेकडा १३.५ होते. सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, म्हणून वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन त्यांच्यासाठी तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, एवढेच काम. आपल्या भागातील साध्या बायांनी केलेले हे काम पुढे जगभर वाचले गेले, हे आपण विसरता कामा नये.

श्वास मोजण्याचे आकडे पुन्हा एकदा सांगते, कारण येथे नव्या सुना पुष्कळ दिसताहेत. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतले मूल मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.

डबा ओळखावयास आपण अशा शिकलो. आता त्याच्या पुढची पायरी सांगते. औषधाने बरा झालेला डबा पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला, आणि दर खेपेस छातीच्या त्याच बाजूस आला, तर काय समजावे?

त्यासाठी फुप्फुस कसे घडते ते थोडे पाहू. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो तेव्हा अन्ननलिकेच्या मूळ नळीतून एक कोंब फुटतो. त्याच्या दोन फांद्या होतात, फांदीला डहाळ्या, डहाळीला आणखी बारीक डहाळ्या. मोहाचे झाड पालवीआधी कसे दिसते, तसे ते दिसते. टोकाला पानांऐवजी हवेचे बारीक कोष येतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. डाव्या बाजूस हृदयालाही जागा हवी ना! या फांद्या फुटत असताना एखादीचे काहीतरी चुकते. का चुकते, याचे सरळ कारण बहुतेक मुलांत सापडत नाही. आईने ग्रहणात विळी धरली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, किंवा घाटावर पाण्याला गेली म्हणून हे होत नाही. वॉर्डात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईला कोणीतरी असे काही सुनावलेले असे, आणि ती ते मनात धरून बसलेली असे. ज्या सासूबाई आज येथे आहेत त्यांनी रागावू नये. पण हे बोलणे बंद झाले पाहिजे.

या दोषांचे प्रकार पुष्कळ आहेत. नावे सारी सांगत बसले तर तुम्हांला कंटाळा येईल आणि माझीही जीभ वळणार नाही. चार मुख्य आहेत.

एकात फुप्फुसाच्या एका खंडात लहानमोठ्या पोकळ्या होतात, मधाच्या पोळ्यासारख्या. १९४९ साली चिन आणि टँग या दोघांनी त्याचे वर्णन प्रथम नीट लिहिले. पूर्वी पंचवीस ते पस्तीस हजार बाळांत असे एक सापडते म्हणत. आता गर्भारपणी सोनोग्राफी होऊ लागल्यापासून असे दोष पुष्कळ अधिक दिसू लागले आहेत. अशा पोळ्यात कफ साचतो आणि तेथे पुन्हापुन्हा पू होतो.

दुसऱ्यात फुप्फुसाचा एक तुकडा निराळाच राहतो. त्याला श्वासनलिकेची वाट नसते. म्हणजे तो श्वासाच्या कामी येत नाही. आणि त्याला रक्त मिळते ते थेट महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीतून. कधी ही रक्तवाहिनी पडद्याच्या खालून, पोटाकडून वर आलेली असते. बहुधा हा तुकडा डाव्या बाजूस खाली असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याला प्रथम ती चोरवाटेची रक्तवाहिनी शोधून बांधावी लागते. ती नकळत तुटली तर क्षणात मोठा रक्तस्राव होतो. म्हणून आधी सीटी स्कॅन करून तिचा नकाशा काढतात.

तिसऱ्यात श्वासनलिकेची एखादी वाट ढिली राहते आणि सायकलच्या व्हॉल्व्हसारखी वागते. हवा आत जाते, बाहेर येत नाही. तो खंड फुगत जातो, शेजारच्या चांगल्या फुप्फुसाला दाबतो, हृदयालाही पलीकडे ढकलतो. बहुधा डावा वरचा खंड असतो. हे दुखणे पहिल्या काही दिवसांत वा महिन्यांत दिसते, आणि बाळ खरोखरीच गुदमरते. फोटोत ती बाजू काळी दिसते. फुप्फुस फुटून छातीत हवा साठली असली, तरी फोटो असाच काळा दिसतो. म्हणून घाईत कोणी तेथे सुई घालण्याचा संभव असतो, आणि तसे झाले तर फुगलेल्या फुप्फुसालाच भोक पडते. नीट पाहणाऱ्याला त्या काळ्या जागेत फुप्फुसाच्या बारीक रेषा दिसतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचीही येथे कसोटी असते, कारण पिशवी जोराने दाबली की तो खंड आणखी फुगतो. छाती उघडली की तो खंड फुगा बाहेर यावा तसा आपणहून जखमेत वर येतो. मी हे काचेतून पाहिले आहे. तो काढला की निळसर पडलेले बाळ टेबलावरच गुलाबी होते.

चौथ्यात श्वासनलिकेच्या शेजारी पाण्याची एक पिशवी असते. ती दाबली गेली की मूल घरघरते, आणि दमा समजून वर्षानुवर्षे दम्याचे औषध चालते.

अशा फुगलेल्या खंडाची शस्त्रक्रिया करून तो काढून टाकल्याची नोंद बोस्टन येथील मुलांचे शल्यविशारद रॉबर्ट ग्रॉस आणि त्यांचे सहकारी लुईस यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईत परळला वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ पासून होते. पण मुलांची शस्त्रक्रिया ही निराळी विद्या आहे, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही, हे पटावयास वेळ लागला. मुलांच्या शल्यविशारदांची अखिल भारतीय संघटना १९६५ साली झाली. या क्षेत्रात आपल्या महाराष्ट्राच्या एका बाईंचे नाव घेतले नाही तर हे व्याख्यान स्त्रियांच्या मंडळात शोभणार नाही. डॉ. स्नेहलता देशमुख मुलांच्या शल्यविशारद होत्या. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या त्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव लागले पाहिजे, हा त्यांचाच आग्रह. २०२४ साली त्या वारल्या.

आता वॉर्डातील एका मुलीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही; वैनगंगेच्या पलीकडची होती, एवढे पुरे. चार वर्षांची होती. तीन हिवाळे लागोपाठ तिला न्यूमोनिया झाला होता. एके ठिकाणी सहा महिने क्षयाचे औषध झाले होते. त्यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. फोटोत पोकळी दिसली की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचाच येणार. पण थुंकीत क्षयाचे जंतू मिळाले नव्हते, घरात कोणाला क्षय नव्हता, आणि औषधाने काही फरक पडला नव्हता. तिची आई शाळेत फार गेलेली नव्हती. तिने तिन्ही वेळचे फोटो एका उशीच्या अभ्य्रात घालून जपून आणले होते. डॉक्टर विचारू लागले तर ती म्हणाली, “सिस्टरबाई, दरखेपी ह्याच कुशीत होते. ही पोर ह्या कुशीवर झोपतच नाही.” डॉक्टरांनी तिन्ही फोटो दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. तीन वर्षांचे तीन फोटो, आणि डाग एकाच जागी. डावीकडे, अगदी खाली.

मग सीटी झाला, आणि महारोहिणीतून आलेली ती चोरवाट दिसली. क्षय नव्हता. फुप्फुसाचा निराळा राहिलेला तुकडा होता, आणि त्यात दर वर्षी पू होत होता.

शस्त्रक्रिया करू या म्हटल्यावर घरात वाद झाला. आजी म्हणाली, मुलीची जात. छातीवर वण राहील, आत अर्धे फुप्फुस राहील, उद्या तिला करणार कोण? वडील गप्प होते. आई एवढेच म्हणाली, “आधी जगू तर द्या.” भगिनींनो, मुलगा असता तर हा वाद इतका लांबला असता का, हे मी त्या वेळी मनात विचारले होते आणि आज उघड विचारते.

शस्त्रक्रिया कशी होते तेही सांगते, कारण न कळलेल्याचीच भीती अधिक वाटते. मुलाला पूर्ण भूल देतात, कुशीवर निजवितात. काखेच्या खालच्या बाजूस दोन बरगड्यांमधून आत जातात. बरगडी कापून टाकतात असे पुष्कळांना वाटते. मुलांत सहसा तसे करावे लागत नाही. खराब खंडाला रक्त देणाऱ्या वाहिन्या एकेक करून बांधतात, त्याची श्वासनलिका बंद करतात, आणि खंड काढून घेतात. अलीकडे मोठ्या ठिकाणी तीन-चार बारीक छिद्रांतून दुर्बीण व चिमटे घालूनही हे करतात. त्याने दुखते कमी आणि वण लहान राहतो. मात्र दुर्बिणीने केले काय किंवा छेद देऊन केले काय, आत काढावयाचा खंड तोच. छेदाची शस्त्रक्रिया म्हणजे जुनी नि वाईट, असे समजून कोणी नाउमेद होऊ नये. ज्या हाताला जी रीत सरावाची, ती त्या मुलासाठी चांगली.

मूल खाटेवर येते तेव्हा छातीतून एक नळी निघालेली असते आणि ती खाली पाण्याच्या बाटलीत बुडविलेली असते. आयांना सर्वांत अधिक भीती ह्या बाटलीची. मूल श्वास घेते तसे नळीतले पाणी वरखाली होते. पहिल्या दिवशी बुडबुडेही येतात. पाणी हलते आहे म्हणजे नळी मोकळी आहे, हे चांगले चिन्ह. बाटली कधीही मुलाच्या छातीपेक्षा उंच धरू नये, आणि खाटेवर तर मुळीच ठेवू नये. बुडबुडे थांबले, पाझर कमी झाला, फोटोत उरलेले फुप्फुस फुगून आलेले दिसले, की नळी काढतात. नेहमीच्या मुलात हे दोन-चार दिवसांत होते. साधारण आठवडाभरात मूल घरी जाते. बाळ फार लहान असेल किंवा आधीच पू झालेला असेल तर अधिक दिवस लागतात. रक्तस्राव, जंतूंचा संसर्ग, हवा पाझरत राहणे हे धोके या शस्त्रक्रियेतही आहेतच, आणि डॉक्टर कागदावर सही घेण्याआधी ते सांगतात. त्या वेळी वडिलांबरोबर आईनेही समोर बसावे आणि प्रश्न विचारावेत.

परिचारिकेचे खरे काम नळीच्या पुढे सुरू होते. मुलाला दुखते म्हणून ते खोकत नाही, आणि खोकले नाही तर कफ साचतो. त्याला पोटाशी उशी धरावयास देऊन खोकावयास लावावे लागते. मोठ्यांना सांगून करून घेता येते. चार वर्षांच्या पोरीला काय सांगणार? आम्ही साबणाचे फुगे उडवीत असू. जत्रेतली पिपाणी हे तर माझ्या मते छातीच्या वॉर्डातले सर्वांत स्वस्त यंत्र आहे. त्या मुलीने चौथ्या दिवशी पिपाणी वाजवून शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना हैराण केले. आता ती मोठी बाई आहे. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, आणि तिला एक मूल आहे.

अर्ध्या फुप्फुसाची भीती आजीबाईंना उगीच वाटली असे मी म्हणणार नाही. पण तिचे उत्तर निसर्गाने देऊन ठेवले आहे. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या फुप्फुसात हवेचे कोष सुमारे पाच कोटी असतात; मोठ्या माणसात ते तीस कोटींहून अधिक होतात. ही वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने होते आणि पुढेही थोडीफार चालते. म्हणून लहानपणी एक खंड काढला तर उरलेले फुप्फुस त्या जागेत पसरते आणि वाढत्या वयाबरोबर वाढते. शिवाय जो खंड काढला तो कामाचा नव्हताच. लोहाराच्या भात्याचा फाटका भाग काढून शिवला तर भाता अधिकच चांगला चालतो, तसे हे आहे. मोठ्या वयाचेही उदाहरण सांगते. रोमचे पोप फ्रान्सिस यांना १९५७ साली, एकविसाव्या वर्षी, फुप्फुसात गाठी होऊन कठीण दुखणे झाले आणि उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागला. त्यानंतर ते सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे जगले, देशोदेशी फिरले, आणि २०२५ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले.

आता एक विषयांतर, पण महत्त्वाचे. एकाच बाजूचा न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो याचे कारण दर वेळी जन्मजात दोष नसते. चालूबोलू लागलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी, चिंचोका अडकला तरी तसेच होते. मार्कंड्याच्या जत्रेत मूल कडेवर, हातात फुटाण्याची पुडी, आणि मूल हसते आहे. असे शेकडो दिसतात. ठसका लागतो, मूल निळे पडते, मग शांत होते आणि आपण समजतो की गेले पोटात. आठ दिवसांनी ताप येतो. अशा ठसक्याची आठवण असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुर्बिणीने दाणा काढला की मूल बरे होते, कापाकापी लागत नाही. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला अखंड शेंगदाणे देऊच नयेत, कूट करून द्यावेत.

तसेच ज्या मुलाला कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे होते, त्याच्या घरी आधी चुलीचा धूर, मुलाचे वजन आणि लशी पाहाव्यात. न्यूमोनियाची लस आता सरकारी दवाखान्यात बाळांना फुकट मिळते. हे सारे ऐकून प्रत्येक खोकणाऱ्या मुलाला घेऊन नागपूर गाठू नका. खोकणारी शंभर मुले पाहिली तर त्यांतील बहुतेक साध्या सर्दीची असतात. मी सांगते आहे ते थोड्यांसाठी आहे. पण त्या थोड्यांना दुसरे कोणी ओळखणार नाही. सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. चांगली योजना आहे, आणि तिच्यामुळे हृदयाच्या दोषांची पुष्कळ मुले वेळेवर सापडली. परंतु तिच्या यादीत ज्या नऊ जन्मजात दोषांची नावे आहेत, त्यांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, मोतीबिंदू आहे, हृदय आहे. फुप्फुसाचे नाव नाही. तेव्हा ते डॉक्टर आले म्हणजे आईने आपण होऊन सांगितले पाहिजे : ह्याला इतक्या वेळा झाले, आणि ह्याच बाजूस झाले.

गर्भारपणी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी झाली तर यांतील पुष्कळ दोष जन्माआधीच दिसतात. मुलगा की मुलगी हे त्यात विचारावयाचे नाही; तो गुन्हा आहे हे तुम्हांला माहीत आहे. छाती, हृदय, मणका, पोट हे पाहण्यासाठी ती असते. दोष दिसला म्हणून घाबरून गर्भ पाडण्याचे मनात आणू नये. यांतील बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. प्रसूती मात्र जेथे बाळांचे डॉक्टर हजर असतील तेथे व्हावी. शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीत गाठ लहान झालेली किंवा नाहीशी झालेली दिसते. आयांना आनंद होतो आणि त्या पुढे येतच नाहीत. ती पुष्कळदा आत असतेच. म्हणून जन्मानंतर काही महिन्यांनी सीटी करून पाहावे लागते.

ज्या बाळाला दोष आहे पण त्रास काहीच नाही, त्याचे काय करावे, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. काही म्हणतात, पहिल्या वर्षातच काढावे. पू झाल्यावर आत सारे चिकटते आणि शस्त्रक्रिया कठीण होते, क्वचित तेथे कर्करोगही निघतो, आणि लहान वयात उरलेले फुप्फुस चांगले वाढते. काही म्हणतात, त्रास नसेल तर हात लावू नये, नजर ठेवावी. दोन्हीकडचे जाणते लोक आहेत. मी परिचारिका, निवाडा करणारी मी कोण? पण एक गोष्ट मला कळते. नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्या आईने “नजर ठेवणे” निराळे, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की ज्यांचा रस्ताच तुटतो अशा आपल्याकडील आईने ते करणे निराळे. डॉक्टर “थांबून पाहू” म्हणाले तर त्यांना आपले गाव कोठे आहे, दवाखाना किती कोसांवर आहे, आणि वर्षातले किती दिवस वाट बंद असते, हे सांगा. पुस्तकात ते लिहिलेले नसते, आणि ऐकल्यावर चांगले डॉक्टर आपला बेत बदलतातही.

खर्चाचे दोन शब्द. राज्याच्या आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला गडचिरोली जिल्हा होता. आता तिला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना म्हणतात. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. प्रथम त्याला भेटावे, पैसे भरण्याच्या खिडकीवर आधी जाऊ नये. नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे; तेथे मुलांच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा गडचिरोलीहून चिठ्ठी घेऊन गेल्यास फिरावे लागत नाही. शेजारच्या बंगाली वस्त्यांतून आलेल्या भगिनींना माझे बोलणे सारे कळले नसेल, तर त्यांनी मागाहून मला भेटावे. मला मोडकेतोडके बंगाली येते, वॉर्डात शिकले.

जाताना काय न्यावे ते शेवटी सांगते, कारण यावाचून पुष्कळांना परत यावे लागते. शिधापत्रिका, आईचे व वडिलांचे आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, लशींचे कार्ड. गर्भारपणी केलेल्या सोनोग्राफीचे कागद, मूल आता पाच वर्षांचे असले तरी. प्रत्येक आजारपणाची चिठ्ठी, आणि आजवर काढलेले सगळे फोटो, चांगला निघालेला फोटोसुद्धा. मूल बरे असताना काढलेल्या फोटोतही डाग दिसला, तर त्यावरूनच पुष्कळ कळते. प्रत्येक फोटोच्या पाकिटावर तारीख घालावी. फोटो गुंडाळू नयेत, घडी घालू नये, आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवू नयेत; पुठ्ठ्यात घालून सपाट न्यावेत. अभ्रा चालतो.